लोणंदच्या गोदामातला थ्री एटी सिक्स

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. पुस्तकात मला संगणक म्हणतात. बाजारात माझ्या पिढीला थ्री एटी सिक्स म्हणतात. लोणंदच्या गोदामातले मानसिंगमामा मला सरळ डबा म्हणतात. आणि वीरधवलसाहेबांनी तर एका यादीत माझ्या नावापुढे लाल शाईने 'भंगार' असं लिहिलं होतं. ती यादी आज कुठे आहे कोण जाणे. मी मात्र आहे, आणि सकाळी नऊ वाजता कामाला बसतो. हे कसं झालं ते आज सांगणार आहे.

माझा जन्म १९९० सालचा, पुण्यातल्या एका दुकानाच्या माडीवर. माझी मेमरी चार एमबी. हसू नका! त्या काळी चार एमबीवाल्याला लोक वाट करून देत. पुढच्याच वर्षी सांगलीजवळच्या कुपवाडला, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आलो. कारखान्याचे मालक नानासो. एका लेथ मशिनवर सुरुवात करून त्यांनी तीनशे माणसांचा कारखाना उभा केला होता. त्यांनी माझ्यासाठी काचेची खोली बांधली, थंड हवेचं यंत्र बसवलं. खोलीत यायचं तर चपला बाहेर काढायच्या. नानासोंना स्वतःला पंख्याखाली घाम यायचा, पण माझ्या खोलीत गारवा. पाहुणे आले की आधी मला दाखवत आणि मग चहा सांगत. माझ्यावर जांभळ्या मखमलीचं कव्हर असायचं. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं फार आवडायचं.

मग काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. चार वर्षांनी रंगीत पडद्याची मशिनं आली. माझं मखमली कव्हर त्यातल्या एकाला गेलं. मी काचेच्या खोलीतून स्टोअरमध्ये, स्टोअरमधून गेटवर आणि गेटवरून थेट लोणंदला. लोणंदला रेल्वे आहे, म्हणून कारखान्याचं एक गोदाम तिथे आहे. कुपवाडहून ट्रकने पंप यायचे, आणि इथून मालगाडीने लांबच्या गावांना जायचे. शेजारी कांद्याचा बाजार. कांद्याची सालं उडत उडत माझ्या पंख्यातून आत शिरायची. थंड हवेचं यंत्र तर सोडाच, माझ्या डोक्यावर मानसिंगमामा चहाचा पेला ठेवायचे.

मानसिंगमामा म्हणजे गोदामाचे प्रमुख, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मला चालवायची ती रेश्मा, लोणंदचीच, बारावी झालेली. पंप आले की नोंद, पंप गेले की नोंद, आणि चलन छापायचं, एवढंच आमचं काम. चलन म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद. तो नसेल तर रेल्वेचे लोक मालाला हात लावत नाहीत. चलनाशिवाय एक पंप हलत नाही, आणि चलन मी छापतो. माझा ताठा उगीच नाही, मित्रांनो.

आता खरी अडचण सांगतो. कारखान्यात माझ्यासारखी जुनी मशिनं चौदा, आणि प्रत्येकाच्या पोटात तोच प्रोग्रॅम वेगळा वेगळा भरलेला. कुपवाडचं मशिन म्हणायचं लोणंदला चाळीस पंप आहेत, मी म्हणायचो बत्तीस, आणि मानसिंगमामा स्वतः जाऊन बघायचे तर निघायचे पस्तीस. कुठे काही बदल करायचा म्हटलं की स्वप्नाने फ्लॉप्यांचा गठ्ठा पिशवीत घालायचा आणि एस.टी.ने कुपवाडहून लोणंदला यायचं.

ही स्वप्ना वडूजची. तिचे वडील धोंडिराम तिथल्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. स्वप्नाने कराडला डिप्लोमा केला आणि कुपवाडच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागली. तिने पहिल्यांदा माझं झाकण उघडलं तेव्हा तिला सात शिंका आल्या. मूठभर कांद्याची सालं बाहेर काढली, पंख्याला तेलाचा थेंब दिला, आणि म्हणाली, "अजून जीव आहे की ह्याच्यात." मला डबा न म्हणणारं ते लोणंदमधलं पहिलं माणूस.

१९९९ साली कारखान्याने नवीन प्रोग्रॅम घेतला. सगळ्यांचा माल एकाच जागी दिसेल असा. पण तो भारी अंगाचा निघाला, आमच्यासारख्यांच्या पोटात मावेना. पुण्याच्या एजंटाने सांगितलं, चौदाच्या चौदा मशिनं बदला, आणि सांभाळायचं कामही आमच्याच कंपनीला द्या. त्यात भर म्हणून दोन हजार सालाची भीती. जुन्या मशिनांच्या घड्याळाला ९९ च्या पुढचं साल कळत नाही, एक जानेवारीला ती वेडी होणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. माझ्याबद्दल ते खरंही होतं. कारखान्याचे मॅनेजर वीरधवलसाहेब, म्हणजे नानासोंचे पुतणे, त्यांनी लगेच ती लाल शाईची यादी केली. आम्ही चौदा जाणार, आणि आमच्याबरोबर स्वप्नाची नोकरी जाणार हे न लिहिताही सगळ्यांना कळलं.

स्वप्ना यादी घेऊन नानासोंकडे गेली. ती म्हणाली, चौदा नको, एकच मोठं मशिन घ्या. नवीन प्रोग्रॅम त्या एकात राहील, चालेलही तिथेच. जुनी मशिनं फक्त त्याचा पडदा दाखवतील आणि इकडे दाबलेलं बटण तिकडे पोचवतील. त्याला पोटात जागा लागत नाही. घड्याळही त्या मोठ्याचंच बघायचं, म्हणजे दोन हजार सालाचाही प्रश्न नाही.

वीरधवलसाहेब हसले. असं पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपन्यांत करतात, म्हणाले, आणि तिथेही नवीन मशिनांवर करतात. नानासो हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत करून दाखव. दसऱ्याच्या आत एक दिवस जरी माल अडकला, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक दारात.

पुढचे चार महिने त्या पोरीने जे केलं ते मी पाहिलं आहे. विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी, आणि समासात पेन्सिलीने मराठी. पुण्याला पाच दिवसांचा वर्ग होता तिथे गेली. लोणंदला साध्या फोनच्या तारेवर हे कसं चालवायचं, असं तिने विचारलं तर शिकवणाऱ्याने विचारलं, लोणंद कुठे आलं? ती म्हणाली, रेल्वेच्या नकाशात बघा, पुण्याहून निघालेली गाडी थांबते तिथे. हे तिने परत आल्यावर रेश्माला सांगितलं तेव्हा मानसिंगमामांनी टेबलावर थाप मारली आणि माझ्या डोक्यावरचा चहा सांडला.

मामांना हे नवीन प्रकरण समजायला वेळ लागला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तोफ हेडक्वार्टरात. आपण हितनं नुसतं निशाण दावायचं." स्वप्ना म्हणाली, अगदी तसंच.

चुका झाल्या नाहीत असं नाही. पहिल्याच आठवड्यात कुपवाडचे गेटपास माझ्या प्रिंटरवर छापून यायला लागले. तिकडे गेटवर ट्रक थांबलेले, आणि इकडे रेश्मा कागद फाडून फाडून दमली. कारण कोणाचा प्रिंटर कोणता हे त्या मोठ्या मशिनला, म्हणजे सर्व्हरला, नीट सांगायचं राहिलं होतं. मग सगळ्यांचे कागद एकमेकांवर चढायला लागले, तेव्हा तिने सर्व्हरच्या पोटात चौदा जणांना चौदा वेगळे खण करून दिले, ज्याचं त्याने आपल्यात ठेवावं. ज्याला जे काम, त्याला तेवढाच प्रोग्रॅम दिसेल असं केलं. एकदा तर रोज दुपारी आम्ही चौदाही जण रांगत चालायला लागलो. तिने तीन दिवस शोध घेतला. शेवटी सापडलं की सर्व्हरच्या पडद्यावर वीरधवलसाहेबांनी रंगीबेरंगी नळ्या फिरण्याचं चित्र लावलं होतं, पाहुण्यांना छान दिसावं म्हणून. ते चित्र काढण्यातच सर्व्हरची अर्धी ताकद जात होती. तिने ते बंद केलं आणि का केलं ते साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेबांना ते लागलं.

साहेबांचा एक हुकूम होता. जुना प्रोग्रॅम सगळ्या मशिनांतून पुसून टाका, नाहीतर लोक सवयीने त्यातच नोंदी करत बसतील. हुकूम बरोबरच होता. स्वप्नाने तेरा मशिनांतून पुसला. चौदावा मी. माझ्यासमोर बसली, हात बटणांवर ठेवले आणि थांबली. मग रेश्माला म्हणाली, आमचे दादा कितीही नवीन गाडी असली तरी सीटखाली एक जुना फॅनबेल्ट टाकून ठेवतात. इथली फोनची तार कधी तुटेल सांगता येत नाही. हे राहू दे, पण याला हात लावायचा नाही. दादा म्हणजे तिचे वडील. अशा रीतीने तो जुना प्रोग्रॅम माझ्या पोटात लपून राहिला, आणि तो तिथे आहे हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

चार महिने गेले. एक दिवसही माल अडकला नाही. पावसाळ्यात फोनची तार दोनदा गेली, पण दोन्ही वेळा तासाभरात जोडली गेली. दसऱ्याला दोन दिवस उरले, आणि स्वप्नाने रजेचा अर्ज दिला.

दसऱ्याला तिच्या घरी वेगळा सण असतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमतात, बुद्धवंदना होते. त्या वर्षी वडूजला तिच्याकडे मुलांच्या कार्यक्रमाचं काम होतं, म्हणून खंडेनवमीची आणि दसऱ्याची अशी दोन दिवसांची रजा तिने मागितली. साहेब म्हणाले, ऐन शेवटच्या दोन दिवसांत निघालात? हे रेश्माने नंतर स्वप्नाकडून ऐकून आम्हाला सांगितलं. स्वप्ना त्यांना म्हणाली, "मी दोन दिवस नसले तर बंद पडेल, असं काम मी केलेलं नाही, साहेब."

आणि नेमकं तेव्हाच बंद पडलं, मित्रांनो.

खंडेनवमीची दुपार. कुपवाडला त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. लोणंदला आमचीही असते, पण मानसिंगमामा ती संध्याकाळी करतात, कारण रेल्वे खंडेनवमीला थांबत नाही. त्या दिवशी तर नांदेडकडे जायचे एकशे साठ पंप मालधक्क्यावरून मालगाडीच्या डब्यात चढवायचे होते. पाच वाजता डबा मालगाडीला जोडणार. तो चुकला तर पुढचा डबा आठ दिवसांनी. म्हणजे दसऱ्याच्या आत माल अडकला, आणि ट्रक दारात.

रेश्मा चलन लिहीत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी माझा पडदा जागच्या जागी गोठला. मी बटणांचे निरोप तिकडे पाठवत होतो, तिकडून उत्तर येईना. रेश्माने तीनदा सर्व्हरचा नंबर लावला. पलीकडे कोणीच नाही. तिने माझी तार काढून फोनला जोडली आणि कारखान्याला फोन केला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पूजा करून सगळे घरी गेले होते.

मामांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, वडूजच्या डेपोत फोन लाव. स्वप्नाच्या घरी फोन नव्हता. डेपोत धोंडिराम एका बसखाली झोपून काम करत होते. त्यांनी निरोप ऐकला, तसेच तेलकट हातांनी सायकल काढली आणि लेकीला मागे बसवून घेऊन आले. अर्धा तास गेला त्यात. फोनवर स्वप्नाला धाप लागलेली ऐकू येत होती.

तिने आधी सगळं नीट विचारलं. लाईट आहे का, मला फोनच्या तारेला जोडणाऱ्या डबीचा, म्हणजे मोडेमचा, दिवा लागतो का, पडद्यावर काय अक्षरं आहेत. तेवढ्यात डेपोच्या खिडकीतून तिला झेंडूचा हार घातलेली बस बाहेर पडताना दिसली. तिने विचारलं, रेश्मा, कुपवाडला पूजेच्या दिवशी मशिनं बंद ठेवतात का? रेश्माने मामांकडे बघितलं. मामांनी फोन घेतला.

"ठेवत्यात की. पुजलेल्या हत्याराला त्या दिशी हात लावत न्हाईत. आवं बाई, आकाराम मिस्त्री तर पहिल्यापासनं त्या बाबतीत लय कडक हाय."

आकाराम मिस्त्री म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. पूजा तेच करतात. आणि जाताना स्वप्नाने सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच दिली होती, कारण साऱ्या कारखान्यात तिचा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावर होता. कोणालाही आत सोडू नका, असं सांगून गेली होती. मिस्त्रींनी कोणालाच सोडलं नव्हतं. स्वतः गेले होते. आधीच्या वर्षांत ज्याचं त्याचं मशिन ज्याच्या त्याच्या टेबलावर निजायचं, कोणाचं काही अडायचं नाही. ह्या वर्षी सगळ्यांचा जीव एकात होता, आणि त्याच एकाला, बाकीचे घरी गेल्यावर, त्यांनी मोठ्या मानाने निजवलं. पाच वर्षं त्या कारखान्यात मीही खंडेनवमीला असाच बंद होत आलो होतो. मला तरी कुठे सुचलं?

स्वप्ना चार महिने सगळ्यांना मशिन शिकवत होती. वर्षातून एक दिवस ही माणसं मशिनला हात लावत नाहीत, हे विचारायचं तिच्याकडून राहिलं. तिने त्या पूजेला कधी हजेरी लावलेली नव्हती, आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं. बरं, रेश्मा, आता फॅनबेल्ट काढायचा."

तीन वाजले होते. रेश्माने मला बंद केलं, चालू केलं, आणि स्वप्ना सांगेल ते एकेक बटण दाबत गेली. माझ्या पोटातला जुना प्रोग्रॅम चार महिन्यांनी उठला. अहो, किती बरं वाटलं मला! दुसऱ्याचा पडदा दाखवणं हे कामच आहे, पण आपल्या डोक्याने चालण्याची मजा वेगळी.

पण आनंद फार टिकला नाही. रेश्माने एकशे साठ पंपांचं चलन मागितलं आणि मी नकार दिला. माझ्या हिशेबी गोदामात बेचाळीसच पंप होते, कारण माझी नोंद जून महिन्यातच थांबली होती. मला जून तेवढाच माहीत. नसलेल्या मालाचं चलन मी कसं देणार? नियम म्हणजे नियम. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडून स्वप्ना शांतपणे म्हणाली, तो बरोबर बोलतोय. त्याला खरं काय ते सांगा. आधी गोदामात आज किती आहेत ते बघा आणि त्याच्या हिशेबापेक्षा जितके जास्त निघतील तेवढी आवक लिहा, मग तो देईल.

मानसिंगमामांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन हमालांना घेऊन साऱ्या थप्प्या स्वतः बघितल्या, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. दोनशे चौदा. रेश्माने आवक लिहिली, चलन मागितलं, आणि मी ते दिलं. प्रिंटरची रिबीन फिकी होती, तरी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मामा चलन घेऊन मालधक्क्याकडे धावत गेले. ह्या वयात धावले! पाचच्या गाडीला डबा जोडला गेला. गाडीची शिटी वाजली ती रेश्माने फोन खिडकीकडे धरून वडूजला ऐकवली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम मिस्त्रींनी सर्व्हर पुन्हा चालू केला, माझ्या पडद्यावर नवीन प्रोग्रॅम आला आणि रेश्मा राहिलेली नोंद त्यात चढवायला बसली. तेवढ्यात दारात टेंपो. सर्व्हर बंद होता ही बातमी साहेबांना लागली होती. हुकूम आला, लोणंदचं मशिन कुपवाडला पाठवा, ट्रक आज भरायचा आहे. रेश्माचं 'नांदे' एवढं लिहून झालं होतं. ड लिहायच्या आत मामांनी माझी तार काढली. मला आपल्या फौजेतल्या कांबळ्यात गुंडाळलं, मोडेम खिशात घातलं, आणि रेश्माला म्हणाले, तूबी चल.

सातारा, कराड मागे टाकत दुपारी आम्ही कुपवाडला पोचलो. ट्रक उभा होता. माझे तेरा भाऊ त्यात एकमेकांवर रचलेले, तारा लोंबत होत्या. मामांनी मला ट्रककडे नेलंच नाही. तडक नानासोंच्या खोलीत शिरले आणि त्यांच्या टेबलावर मला ठेवलं. स्वप्ना तिथे उभी होती. आकाराम मिस्त्री कोपऱ्यात, टोपी हातात घेऊन.

वीरधवलसाहेब बोलत होते. एक मशिन बंद पडलं की सगळा कारखाना बंद, हेच आपण आधी सांगितलं होतं. मिस्त्री मध्येच म्हणाले की बटण त्यांनी दाबलं, पोरीचा काही दोष नाही. स्वप्ना म्हणाली, दोष माझाच आहे. मी मिस्त्रीकाकांना कुलपाबद्दल सांगितलं, पूजेबद्दल विचारलं नाही. आणि लोणंदच्या मशिनमधला जुना प्रोग्रॅम पुसा म्हणून साहेबांचा हुकूम होता, तोही मी पाळला नाही. तेही आज सांगते.

मामांनी खिशातून चलनाची कॉपी काढून टेबलावर ठेवली. त्यावर मालधक्क्याचा शिक्का होता, खंडेनवमीच्या तारखेचा. माल अडकलेला नाही, एवढंच म्हणाले.

नानासोंनी तो कागद बराच वेळ पाहिला. साहेबांना राहवेना. ते म्हणाले, बरं, एकदा निभावलं. दोन महिन्यांनी ह्याचं कॅलेंडरच संपतंय, तेव्हा काय? आता दाखवतो. त्यांनी मला चालू केलं आणि माझ्या घड्याळात ३१ डिसेंबर १९९९, रात्रीचे अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं लावली. मग मला बंद केलं, दोन मिनिटांनी चालू केलं, आणि तारीख विचारली. मी खरं तेच सांगितलं, मला जे कळतं ते. ४ जानेवारी १९८०.

साहेब मोठ्याने हसले. ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला. मित्रांनो, तेवढा एक क्षण मला वाटलं, संपलं.

स्वप्नाने मामांकडून मोडेम घेतलं, नानासोंच्या टेबलावरच्या फोनची तार काढून मला जोडली, आणि रेश्माला म्हणाली, तू बस. रेश्माने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. मोडेमने नेहमीसारखी किरकिर केली. आणि पडदा उजळला. वर कोपऱ्यात त्या दिवशीची बरोबर तारीख होती, १९९९ सालची. आणि खाली, सकाळी लोणंदला सोडलं होतं तसंच, अर्धवट चलन. 'नांदे'. पुढे ड ची वाट बघत लुकलुकणारी रेघ. रेश्मा ओरडली, हे तर मी सकाळी लोणंदला लिहीत होते!

नानासो खुर्चीतून उठून माझ्या तोंडाशी आले. "हे तर लोणंदात लिवलं हुतं. मशिन टेंपोत आलं. मग हे हितं कसं?"

"हे लोणंदात नव्हतंच, नानासो," स्वप्ना म्हणाली. "पहिल्यापासून इथंच होतं, त्या खोलीत. ह्याने फक्त दाखवलं. हे मशिन विहिरीत पडलं तरी रेश्माच्या नोंदीतल्या अर्ध्या अक्षरालाही धक्का लागणार नाही. आणि याच्या घड्याळात कुठलंही साल असू दे, तारीख इथली दिसणार."

रेश्माने ड दाबला. नांदेड झालं. मग कोपऱ्यातून आकाराम मिस्त्री पुढे आले.

"आमी दसऱ्याला हिरीची पूजा करतो," ते म्हणाले. "कुकू लावतो, नारळ फोडतो. पर पाणी थांबवतो व्हय? ह्यो मोठा बी हिरच हाय. पुढच्या साली चालू ठिवूनच पूजा हुईल. आन पोरी, पूजा कवा हाय ते मी तुला हप्ताभर आधी सांगणार."

नानासोंनी ट्रकवाल्याला जायला सांगितलं. नुसतं जायला नाही, आधी तेरा मशिनं खाली उतरवून ठेवायला सांगितलं, जपून. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. स्वप्ना डोळे पुसत होती, पण मान ताठ होती.

निघताना रेश्माने विचारलं, ताई, ह्याचं घड्याळ नीट करून देता? स्वप्नाने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, राहू दे, त्याची ती खूण आहे.

आता डिसेंबर चालू आहे. मी लोणंदला माझ्या जागेवर आहे, कांद्याच्या सालांत. नवीन साल येतंय म्हणून मोठमोठ्या कंपन्यांतली मोठमोठी मशिनं घाबरलेली आहेत असं ऐकतो. मला तुमची दया नको, मित्रांनो. मखमली कव्हरही नको. महिन्यातून एकदा झाकण उघडा, फुंकर मारा, आणि डोक्यावर चहा ठेवू नका. कोणाला जुनं म्हणून फेकायच्या आधी त्याला एकदा नवीन काम सांगून बघा. आणि नवीन काम सांगाल तेव्हा, ते करणारी माणसं कशी जगतात तेही विचारा, हे स्वप्ना आता सगळ्यांना सांगते.

एवढ्यावरही लाल शाईची यादी घेऊन कोणी आलंच, तर माझं घड्याळ बघा म्हणावं. माझ्या घड्याळात आज मार्च १९८० आहे. माझा जन्म १९९० चा. म्हणजे मला जन्मायलाच अजून दहा वर्षं आहेत. जो अजून जन्मलाच नाही, त्याला भंगारात कसा टाकता ते मी बघतोच.